जास्तीचं फिंजान

१

दुपारची कॉफी मी एकटीच पिते, आणि टेबलावर एकच फिंजान मांडते. आमच्या बोस्नियात याला लोक नाक मुरडतात. हे बिनकानाचे इवलेसे पेले घरातल्या माणसांपेक्षा एक जास्तीचा मांडायचे असतात, कारण दारात कोण कधी उभं राहील सांगता येत नाही. माझी आई मांडायची, सासू मांडायची, मीही मांडत होते. मग ज्या उन्हाळ्यात दारात उभे राहणारे बंदुका घेऊन यायला लागले, त्या उन्हाळ्यात मी ती सवय मोडली. मुरडू देत नाकं.

त्या दुपारी मी पहिला घोट घेतला आणि वरच्या मजल्यावर कॉफी दळल्याचा आवाज आला. पितळी दळणीचा आवाज मी भिंतीआडूनही ओळखते. वरचा फ्लॅट ओस्तोयाचा. तो परतलाय हे मला माहीत होतं. साऱ्या गल्लीलाच माहीत होतं, कारण त्याच्या स्वागताला चौकात कोकरं भाजली होती, अ‍ॅकॉर्डियन वाजला होता, आणि लढाईच्या वेळी जन्मलेलीसुद्धा नव्हती अशी पोरं त्याचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून नाचली होती. शिक्षेमुळे पुढच्याचा हात बंदुकीवर जाताना थबकतो, असं मला कोर्टात एका शिकलेल्या बाईने समजावलं होतं. ती पोरं काय शिकली ते मी खिडकीतून पाहिलं. तुरुंगातून आलं की कोकरू मिळतं, एवढंच.

ओस्तोया आमच्या शाळेत कसरतीचा मास्तर होता. व्यायामशाळेची किल्ली त्याच्याकडे असायची. त्या उन्हाळ्यात आमच्या पुरुषांना तिथेच कोंडलं, तेव्हाही किल्ली त्याच्याचकडे होती. तो दार उघडायचा, एकेकाला नावाने हाक मारायचा आणि हसून म्हणायचा, “चल, कॉफीला जाऊ.” शेजाऱ्याने कॉफीला बोलावलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. एकामागून एक उठून गेले. भिंतीला पाठ लावून बसलेले जे उरले, जे वाचले, त्यांनी हे साक्षीत सांगितलं. माझा एदिबही असाच उठला होता. बसडेपोत काम करायचा. सायकलच्या मुठीवर आपटून पुढचा दात तुटलेला, त्यामुळे हसताना ओठ मिटून हसायचा.

कॉफीला नेलेल्यांपैकी एकाचंही हाड तोवर सापडलेलं नव्हतं. ओस्तोया कोर्टात म्हणाला, “मी फक्त दार उघडायचो. पुढे कुठे नेलं मला ठाऊक नाही.” व्यायामशाळेतल्या हालांबद्दल त्याला शिक्षा झाली. उत्तरेकडच्या एका थंड देशात त्याने ती भोगली, आणि वर्तन चांगलं म्हणून लवकर सुटला. कैद्यांना व्हॉलीबॉल शिकवायचा म्हणे.

मला माझ्या मुलाची हाडं हवी होती. त्याखेरीज मी कुणाकडे काही मागितलेलं नाही.

तर, दळणी. एका माणसाला मूठभर दाणे पुरतात. वर मात्र लग्नघरासारखं दळण चाललं होतं. माझी कॉफी संपली, भांडं विसळून झालं, तरी ते थांबलं नाही.

२

खाली दुशांकाचं काचसामानाचं दुकान आहे. ती ओस्तोयासारखीच सर्ब, त्यांच्यातली; मी मुसलमान, आमच्यातली. लढाईनंतर बरीच वर्षं आम्ही बोललो नाही, आणि आता एकमेकींवाचून दिवस जात नाही. तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे असं तिला वाटतं.

“म्हातारे, ऐक,” ती म्हणाली. “तुझा वरचा आज परत फिंजानं घेऊन गेला.”

“माझा कशाला? तुमचा तो. कोकरू तुम्ही भाजलंत.”

“मी नाही भाजलं. मी खाल्लं फक्त. थंड झालं होतं तेही.” तिने काउंटर पुसलं. “पण ऐक ना. आल्यावर आधी एक नेलं. मग अर्धा डझन. आज विचारतो, एकसारखी नसली तरी चालतील, जेवढी आहेत तेवढी दे. एकट्या माणसाला इतकी फिंजानं कशाला गं लागतात?”

“फोडत असेल.”

“फोडणाऱ्याच्या घरून तुकडे बाहेर पडतात. कचरा मी बघते.”

“तुला दुसरे उद्योग नाहीत.”

“नाहीत. आणि शेम्सा, त्याच्याकडे येतं कोण? पहिल्या दिवशी मिरवायला आले, त्यानंतर कुणी जिना चढलेलं नाही. मी इथेच तर बसलेली असते.”

मी म्हटलं, बायका येत असतील, मागच्या दाराने. ती म्हणाली, “मागचं दार तू खिळे ठोकून बंद केलंयस, विसरलीस?” विसरले नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“भोगून आलाय तो,” दुशांका जरा थांबून म्हणाली. “आता आणखी काय करायचं त्याचं?”

“भोगलं असतं तर बोलला असता.”

तिने एक फिंजान उचलून उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

३

मी चार इयत्ता शिकले, बाकीचं स्वतः वाचलं. युद्धाचे कायदे मी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता वाचलेत. एका वकिलाने मला कोर्टात कलम चुकीचं सांगितलं, तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं, आणि दुभाष्याने ते भाषांतर करताना आवाज खाली घेतला. हे सांगते ते एवढ्यासाठी की भुताखेतांना मी घाबरत नाही. मी दिसेल ते पाहते, ऐकेन ते तपासते.

म्हणून खुर्ची घेऊन जिन्याच्या वळणावर बसले, भर दुपारी, विणकाम मांडीवर घेऊन. माझ्या नजरेआडून वर जायला वाट नाही.

दळणी चालली, थांबली. पाणी उकळल्याचा आवाज नाही, पण कॉफी फुलून वर आल्याचा वास जिन्यात उतरला. मग बशा. चिनी मातीची बशी फरशीवर ठेवली की एक पोकळ आवाज येतो, टेबलावरच्यापेक्षा वेगळा. तो आवाज भिंतीच्या कडेने सरकत गेला. एक बशी, मग थोडं अंतर, मग दुसरी. टेबल सोडून हा माणूस जमिनीवर का मांडतोय? गुडघे दुखत असतील, वाकता येत नसेल, आणि तरी वाकतोय.

मग ओस्तोयाचा आवाज आला, अगदी साधा, यजमानाचा. “घ्या.”

आणि मग शांतता. मी स्वतःला समजावलं की ही रिकाम्या खोलीची शांतता आहे. पण रिकाम्या खोलीची शांतता मला चांगली ठाऊक आहे, मी तिच्यात राहते. ही तशी नव्हती. बरीच माणसं एकदम घोट घेतात आणि त्यामुळे कुणी बोलत नाही, ती ही शांतता होती.

विणकामाचे टाके सुटले होते. मी ते पुन्हा घालत बसले. म्हातारे कान, जुनी इमारत, नळात अडकलेली हवा. सगळी कारणं मी एकेक करून लावून पाहिली. नळ बशा मांडत नाही.

४

तो स्वतःच आला. सकाळी, हातात टोपी घेऊन. दार उघडल्यावर आत येण्यासाठी पाऊल उचललं नाही. कुणी तरी ‘चल’ म्हणेपर्यंत उभं राहायची सवय त्याला तुरुंगात लागली होती. मी म्हटलं नाही.

“शेजारीणबाई,” तो म्हणाला.

“मेला नाहीस अजून.”

“नाही.” त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, माझ्या टेबलाकडे. “तुम्ही एकच मांडता.”

“माझं घर आहे.”

“शहाण्या आहात.” त्याचे डोळे लाल होते. “मी आलो त्या दिवशी लोक बसले होते, कॉफी मीच केली. इतक्या वर्षांनी हातात दळणी. तिकडे कागदी पेल्यातून द्यायचे हो कॉफी, यंत्रातली. हातांनी आपोआप मांडलं सगळं. आणि आपोआप एक जास्तीचं मांडलं. सगळे उठून गेले, मी फिंजानं गोळा केली, तर तेही प्यालेलं होतं. तळाशी गाळ.”

“कुणीतरी दोन प्याला असेल.”

“असंच म्हणालो मी. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं.”

जिन्यात खालून दुशांकाचा रेडिओ ऐकू येत होता. बटाट्याचे भाव सांगत होते.

“मांडलं नाही तर?” मी विचारलं.

“तर ते बसून राहतात, तसेच.” तो टोपीची कडा फिरवत होता. “काही बोलत नाहीत. मला दिसतही नाहीत. पण कॉफी झाल्याशिवाय पाहुणा जातो का? म्हणून मी देतो. स्वागताची देतो, गप्पांची देतो. मग शेवटची.”

शेवटची म्हणजे निरोपाची. जुन्याच गाळावर पाणी ओतून केलेली पातळ कॉफी. ती पुढे आली की पाहुण्याने समजायचं की चालतं व्हायची वेळ झाली. पिऊन झालं की तो आपलं फिंजान बशीवर उपडं घालतो आणि उठतो. आमच्या नदीकाठी हे लहान मुलालाही कळतं.

“निरोपाची पितात,” ओस्तोया म्हणाला, “पण कुणीच फिंजान उपडं घालत नाही. शेजारीणबाई, माझ्या हातची त्यांना लागू होत नाही. तुम्ही ओता. तुमचं ऐकतील.”

“कोण ऐकेल?”

त्याने वर, आपल्या फ्लॅटकडे मान केली.

“तूच बोलावलं होतंस ना कॉफीला?” मी म्हटलं. “नावं घेऊन.”

त्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “त्यांना घालवा. मी तुम्हाला जागा सांगतो.”

५

मी दुपारी वर गेले. चांगला स्कार्फ बांधून गेले, कारण काहीही असलं तरी मी पाहुणी म्हणून जात होते.

खोलीत ऊन होतं. सोफा भिंतीपासून ओढून मधोमध आणलेला, एकावर एक खुर्च्या कोपऱ्यात. आणि चारही भिंतींच्या कडेने फरशीवर फिंजानं. दुशांकाकडची निळी, सोनेरी कडेची, टवका उडालेली, कुठल्याशा लग्नाच्या संचातली. दोन फिंजानांच्या मध्ये माणूस मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसेल एवढी जागा. व्यायामशाळेत ते असेच बसायचे. ओस्तोयाला हे मुद्दाम करावं लागलं नसेल. जिथे जिथे बसलेत तिथे तिथे त्याने बशी ठेवली.

प्रत्येक फिंजानात कॉफी होती. कुठे भरलेलं, कुठे निम्मं. वाफ मात्र कशातूनच येत नव्हती.

“बघा,” तो दारातूनच म्हणाला. खोलीत येत नव्हता.

मी भिंतीच्या कडेने चालत गेले. पाय जपून टाकत होते, कुणाच्या पायावर पडू नये तसे, हे माझ्या नंतर लक्षात आलं. स्वतःचाच राग आला. रिकामी खोली आहे, शेम्सा. उन्हात धूळ तरंगतेय. एका वेड्या म्हाताऱ्याने मांडलेली भांडी आहेत.

मग खिडकीखालच्या बशीत मला साखर दिसली.

एदिबला कॉफीत साखर घातलेली चालत नसे. चौकोनी तुकड्याचा कोपरा कॉफीत बुडवायचा, तेवढाच चावायचा, आणि उरलेला बशीत ठेवायचा. असं आमच्याकडे निम्मं गाव करतं, त्यात नवल नाही. मी वाकले. गुडघे कटकटले. तुकड्याचा कोपरा चावलेला होता, आणि चाव्याच्या मधोमध साखरेची एक बारीक कड तशीच उभी राहिली होती. पुढचा दात तुटलेल्या माणसाने चावल्यावर राहते तशी.

उरलेला तुकडा पांढरा, कोरडा होता. मी त्याच्याकडे पाहत होते. खालच्या टोकाला ओल आली. तपकिरी रंग साखरेत शिरला आणि हळूहळू, कणाकणाने, वर चढायला लागला. कुणीतरी आत्ता, या क्षणी बुडवलाय, असा.

मी हात पुढे केला नाही. हे मला आजवर कळलेलं नाही, मी हात का पुढे केला नाही.

६

“भांडं तिथे आहे,” ओस्तोया म्हणाला. “गाळ आहे आत. पाणी घाला, ओता, आणि म्हणा चला आता. झालं की जागा सांगतो.”

“आधी सांग.”

“आधी ते जाऊ देत.” मग घाईघाईने, “पण फक्त तुम्हाला. कुणी खोदायचं यंत्र आणायचं नाही, कुणाला कळवायचं नाही. तुमचा भाचा आहे ना, फावडं घेऊन जाईल. माझी शिक्षा या जागेची नव्हती. ती मी भोगली. हे कळलं तर नवा खटला उभा करतील.”

“म्हणजे मी माझं पोर चोरासारखं उकरून आणू.”

“पोर हवंय ना?”

मी उभी राहिले. भिंतीकडेने नजर फिरवली. निळं फिंजान, सोनेरी, टवक्याचं. यातलं फहिराच्या नवऱ्याचं कुठलं, रस्त्यापलीकडच्या त्या दोघा भावांची कुठली? फहिरा आणि त्या भावांची आई दर आठवड्याला मला बाजारात भेटतात, टोमॅटो दाबून बघतात. मी माझा एकटा घेऊन घरी जायचं आणि टोमॅटो दाबायचे?

खरं सांगते, एका श्वासापुरती मी तयार झाले होते. हात भांड्याच्या दांड्यावर होता.

“कोर्टात जाऊन सांग,” मी म्हटलं. “सगळ्यांची जागा, सगळ्यांसमोर. मग मी येते आणि ओतते. माझा शब्द आहे.”

“मला पुन्हा आत टाकतील.”

“तिकडे तुझ्याकडे कॉफीला कुणी आलं होतं?”

त्याने फिंजानांवरून नजर फिरवली. “नाही,” म्हणाला.

“मग.”

मी भांड्यातला गाळ मोरीत फेकला. ताजे दाणे घेतले, दळणी मांडीवर धरली आणि दळायला लागले. ताजी, दाट, वर फेस असलेली कॉफी केली आणि भिंतीकडेने फिरून एकेका फिंजानात ओतली. स्वागताची.

“बसा,” मी म्हटलं. “सावकाश प्या. घाई नाही.”

मागे दारात ओस्तोया खाली बसला होता, चौकटीला धरून.

७

तो कोर्टात गेला. टी-शर्टवाल्या पोरांनी त्याला गद्दार म्हणून शिव्या दिल्या, आणि मग दुसऱ्या कुणाच्या फोटोचे टी-शर्ट घातले. जागा जुन्या चुनाभट्टीच्या मागे निघाली. मी कितीदा तिथून सरपण आणलंय.

ओळख पटवणाऱ्या बाईंनी मला जबडा दाखवायची गरज नाही म्हटलं. मी म्हटलं, दाखवा. दात तुटलेला होता.

फहिराच्या नवऱ्याला आणि त्या दोघा भावांना कब्रस्तानात एदिबच्या शेजारीच जागा मिळाली. हिरवं कापड घातलेल्या पेट्या हातोहात पुढे गेल्या. दुशांका कुंपणाबाहेर उभी होती, काळी छत्री घेऊन, पाऊस नसताना. “आत ये की,” मी म्हटलं. “नको,” ती म्हणाली, “इथूनच बरी आहे मी.” पण शेवटपर्यंत उभी राहिली.

ओस्तोयाला नवी शिक्षा लागली. न्यायाधीशबाई बाहेर व्हरांड्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, एवढीच? त्या म्हणाल्या, “शिक्षेला शेवट असावा लागतो. शेवट नसेल तर ती शिक्षा राहत नाही.”

“मग काय राहतं?”

त्यांना आतून बोलावणं आलं.

नेण्याआधी ओस्तोयाने फ्लॅटची किल्ली माझ्याकडे पाठवली. निरोप एवढाच की शब्द पाळा.

८

मी शब्द पाळणारी बाई आहे. दुसऱ्याच दुपारी वर गेले. खोली तशीच होती, ऊन तसंच, फिंजानं जागच्या जागी. जुन्या गाळावर पाणी ओतलं, पातळ कॉफी उकळली आणि दाराजवळच्या भिंतीपासून सुरुवात केली.

“चला आता,” मी प्रत्येकापाशी म्हणत होते. “तुमची माणसं वाट बघतायत. जागा झालीय तुमची.”

पहिल्या भिंतीचं शेवटचं फिंजान भरलं आणि पाठीमागे आवाज आला. टक. मी वळले नाही. पुढे ओतत गेले. टक. टक. चिनी मातीवर चिनी माती, हळू, सभ्यपणे. रीतीने वागणारी माणसं होती ती. जिन्यावरून काहीतरी उतरत गेल्यासारखं वाटलं, एकामागून एक, आणि खाली दुशांकाचा रेडिओ मधेच खरखरला.

खिडकीखाली आले. भांड्यात एका फिंजानापुरती उरली होती. साखरेचा तुकडा बशीत होता, चावलेला.

“चल आता,” म्हणायचं होतं. त्याची हाडं मातीत आहेत, दगडावर नाव आहे, फुलं मी स्वतः लावलीत. तरी तोंड उघडलं तेव्हा मी म्हटलं, “थांब जरा.” आणि भांडं मोरीत उपडं केलं, आणि ताजे दाणे घेतले.

तेव्हापासून दुपारची कॉफी मी वर पिते. दोन फिंजानं असतात.

“वर कुणासाठी दळतेस गं?” दुशांका विचारते.

“पाहुणा आहे.”

“जात कसा नाही?”

“तुला काय करायचंय?”

ती हल्ली यावर टोमणा मारत नाही. नुसती बघते.

पुष्कळ दिवस ठीक चाललं. मी त्याला डेपोच्या, बाजाराच्या गोष्टी सांगायची, साखर वर चढताना बघायची. मग तुकडा कमी चावलेला दिसू लागला. मग नुसताच बुडवलेला. आणि परवा मी खिडकी लावायला उठले, तर मागे आवाज आला. टक.

वळून पाहिलं. त्याचं फिंजान बशीवर उपडं होतं. नीट, मधोमध. लहानपणी शिकवलं होतं तसं.

मी ते सरळ केलं. आतून पुसलं. मग दळणी मांडीवर घेतली.